मोटारीचे ‘माडेल’ आणि मोटारीची किंमत

‘हायब्रीड’ हा शब्द आपल्या भागातल्या शेतकऱ्याला मोटारीमुळे कळला नाही, ज्वारीमुळे कळला. १९६४ साली सी.एस.एच.-१ हे संकरित ज्वारीचे वाण भारतात प्रसारित झाले आणि तेव्हापासून ‘हायब्रीड’ म्हणजे उतारा जास्त पण भाकरीला चव कमी, असा एक अर्थ मराठीत आणि कानडीतही रूढ झाला. या ज्वारीचा आणखी एक गुण शेतकऱ्याच्या ध्यानात लवकरच आला. घरचे बी राखून पेरले तर दुसऱ्या वर्षी पहिल्यासारखे पीक येत नाही. दरवर्षी नवी पिशवी विकत आणावी लागते. म्हणजे उत्पन्न वाढले, पण दुकानाची पायरीही दरवर्षी चढावी लागली.

हायब्रीड मोटारीच्या बाबतीत नेमका असाच प्रश्न वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यापुढे उभा राहतो. ही गाडी पेट्रोल वाचवते यात वाद नाही. परंतु दरवर्षी तिचे नवे ‘माडेल’ येते, दरवर्षी किंमत थोडी सरकते, आणि वाचलेले पैसे शेवटी घेणाऱ्याच्या खिशात राहतात की पुन्हा शोरूममध्येच जातात, हे ठरवणे वाटते तितके सोपे नाही. या लेखात तो हिशेब मांडण्याचा प्रयत्न केला आहे. यंत्रशास्त्र हा माझा विषय नव्हे. तेवढ्यापुरते अभियांत्रिकीच्या मित्रांनी सांभाळून घ्यावे.

प्रथम गाडी म्हणजे काय ते थोडक्यात पाहू. हायब्रीड मोटारीत पेट्रोलचे इंजिन असते आणि त्याच्या जोडीला विजेची मोटर व बॅटरी. साधी गाडी ब्रेक दाबून थांबवली की तिच्या गतीतील सगळी शक्ती ब्रेकच्या उष्णतेत वाया जाते. हायब्रीडमध्ये विजेची मोटरच अशा वेळी जनित्राचे काम करते आणि त्या शक्तीचा काही भाग बॅटरीत साठवते. गाडी उभी असताना किंवा बाजारातून रांगत असताना इंजिन बंद ठेवता येते. म्हणून गंमत अशी की साधी गाडी हमरस्त्यावर जास्त ॲव्हरेज देते आणि गावात कमी. हायब्रीडचे बहुधा उलट असते. बेळगावहून चोर्ला घाटाने गोव्याकडे उतरताना बॅटरी आपोआप भरत जाते. मात्र ती लहान असल्यामुळे लांब उतारावर लवकरच पूर्ण भरते आणि पुढचा उतार फुकट जातो. ‘माइल्ड हायब्रीड’ म्हणून जो प्रकार विकला जातो त्यात मोटर इंजिनाला फक्त हातभार लावते, एकटी गाडी ओढत नाही. दोन्हींच्या नावात हायब्रीड असले तरी किमतीत आणि पेट्रोलच्या बचतीत फार अंतर आहे, हे गिऱ्हाइकाने आधी विचारून घ्यावे.

आता ‘माडेल’. आपल्याकडे सेकंडहँड गाडीच्या बाजारात पहिला प्रश्न ‘कोणतं माडेल?’ असा असतो. शेजारचा कानडी एजंटही ‘याव माडेल री?’ असेच विचारतो. दोघांनाही गाडीचे नाव नको असते, ते समोरच दिसत असते. त्यांना साल हवे असते. मॉडेल या शब्दाचा अर्थ साल असा व्हावा, ही भाषेची करामत नव्हे. तिच्यामागे शंभर वर्षांचा व्यापार आहे.

१९०८ साली हेन्री फोर्डने ‘मॉडेल टी’ बाजारात आणली तेव्हा तिची किंमत ८५० डॉलर होती. फोर्डचे धोरण एकच होते: गाडी बदलायची नाही, किंमत उतरवत न्यायची. १९२५ पर्यंत तिचा सर्वांत साधा प्रकार २६० डॉलरला मिळू लागला होता. १९२७ साली उत्पादन थांबले तोवर दीड कोटी गाड्या निघाल्या होत्या. तरीही ती थांबली, कारण जवळजवळ प्रत्येकाच्या दारात गाडी आल्यावर नवी गाडी विकायची कोणाला, हा प्रश्न पुढे आला. त्याचे उत्तर जनरल मोटर्सचे आल्फ्रेड स्लोन यांनी काढले. ज्याच्याकडे गाडी आहे त्यालाच पुन्हा विकायची. त्यासाठी दरवर्षी गाडीच्या रूपात काहीतरी बदल करायचा, म्हणजे कालची गाडी चांगली चालत असूनही जुनी दिसू लागते. १९२७ साली जनरल मोटर्सने गाड्यांचे रंगरूप ठरवण्यासाठी हार्ले अर्ल यांच्या हाताखाली स्वतंत्र विभागच उघडला. घसारा यंत्रात पडतो असे आम्ही पुस्तकात शिकतो. स्लोन साहेबांनी तो गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत पाडून दाखवला. मला तरी ही विसाव्या शतकातली मोठी व्यापारी कल्पना वाटते. चांगली की वाईट, ते ज्याचे त्याने ठरवावे.

अमेरिकेत पुढे या प्रथेला कायद्याचे रूप आले. तेथे ‘मॉडेल इयर’ म्हणजे दिनदर्शिकेचे वर्ष नव्हे. ज्या सालाचे मॉडेल म्हणायचे त्या सालचा १ जानेवारी उत्पादनाच्या काळात येत असला की पुरे. त्यामुळे २०२५ चे मॉडेल २०२४ मध्येच दुकानात उभे राहू शकते. गाडीच्या सतरा अक्षरांच्या चासीस नंबरात दहावे अक्षर हे साल सांगते: २०१० ला ‘ए’, २०२४ ला ‘आर’, २०२५ ला ‘एस’. किमतीचेही तसेच. १९५८ च्या कायद्यानुसार प्रत्येक नव्या गाडीच्या काचेवर कंपनीची सुचवलेली किंमत, जादा वस्तूंचे दर आणि वाहतूक खर्च यांचा कागद चिकटवावा लागतो. ही किंमत सुचवलेली असते. विक्रेता तिच्यापेक्षा कमी घेऊ शकतो, आणि माल कमी असेल तर जास्तही.

हायब्रीड गाड्यांचा इतिहास या चौकटीत बसवून पाहिला की मजा येते. टोयोटा कंपनीने प्रियस ही गाडी १९९७ च्या डिसेंबरात जपानमध्ये २१ लाख ५० हजार येनला विक्रीस काढली. अमेरिकेत ती २००० साली, ‘२००१ चे मॉडेल’ म्हणून, १९,९९५ डॉलरला आली. त्याआधी काही महिने होंडाची दोन माणसांची इनसाइट तेथे पोचली होती; पण टिकली आणि वाढली ती प्रियस. तिची दुसरी पिढी २००३ मध्ये, तिसरी २००९ मध्ये, चौथी २०१५ अखेर आणि पाचवी २०२२ च्या नोव्हेंबरात जाहीर झाली. म्हणजे गाडी खरी बदलते ती साधारण सहा-सात वर्षांनी. मधली जी पाच-सहा ‘नवी मॉडेले’ येतात त्यांत कधी एखादा रंग, कधी दिवा, कधी पडद्याचा आकार, आणि कधी नुसते नाव बदललेले असते. अमेरिकेत प्रियसच्या प्रकारांना २०१० साली एक, दोन, तीन असे रोमन आकडे होते. ते काही वर्षांनी इंग्रजी शब्दांत लिहू लागले आणि २०१९ मध्ये तेही जाऊन ‘एल’, ‘एलई’, ‘एक्सएलई’ अशी अक्षरे आली. नाव बदलले की मागच्या वर्षीच्या किमतीशी तुलना करणे अवघड होते. कंपनीचा हेतू तोच होता असे मी म्हणत नाही. परिणाम मात्र तोच होतो.

दोन नव्या पिढ्यांच्या वेळी काय झाले ते पाहण्यासारखे आहे. २००४ चे मॉडेल म्हणून अमेरिकेत दुसरी पिढी आली तेव्हा गाडी मोठी झाली होती, जोर वाढला होता, ॲव्हरेज सुधारले होते, आणि किंमत मात्र पुन्हा १९,९९५ डॉलरच ठेवली होती. २००९ ची गोष्ट याहून बोलकी आहे. त्या वर्षी फेब्रुवारीत होंडाने नवी इनसाइट जपानमध्ये १८ लाख ९० हजार येनला आणली. टोयोटाची तिसऱ्या पिढीची प्रियस मे महिन्यात यायची होती. ती नवी, मोठी, जास्त ताकदीची गाडी २० लाख ५० हजार येनला म्हणजे जुनीपेक्षा स्वस्त लावली गेली; आणि जुनी प्रियस बंद न करता तिचा साधा प्रकार बरोबर १८ लाख ९० हजारालाच उभा केला. होंडाच्या गिऱ्हाइकाला दोन्हीकडून घेरले. त्या वर्षी जपानात सर्वाधिक खपलेली मोटार प्रियस ठरली. नवे मॉडेल आले म्हणजे किंमत वाढतेच, असे जे आपण गृहीत धरतो ते बाजारात एकच दुकान असेपर्यंत खरे असते.

पाचव्या पिढीची अमेरिकेतील सर्वांत साध्या प्रकाराची किंमत, वाहतूक सोडून, २०२३ ला २७,४५० डॉलर होती, २०२४ ला २७,९५० झाली आणि २०२५ ला २८,३५०. तिन्ही वर्षांत यंत्र तेच आहे. वरवर पाहता काही न देता ९०० डॉलर वाढवले असे दिसते. पण येथे आमच्या अर्थशास्त्राच्या तासाला शिकलेली नाममात्र किंमत आणि वास्तव किंमत ही जोडी उपयोगी पडते. अमेरिकेचा ग्राहक किंमत निर्देशांक २००० साली सरासरी १७२.२ होता, २०२४ साली तो ३१३.७ च्या आसपास होता. म्हणजे २००० सालचे १९,९९५ डॉलर २०२४ च्या भावाने जवळजवळ ३६,४०० होतात. त्या वर्षी प्रियस मिळत होती २७,९५० ला. कागदावरची किंमत आठ हजारांनी चढली, आणि खरी किंमत सुमारे तेवीस टक्क्यांनी उतरली. शिवाय गाडी ती नव्हे. २००४ च्या प्रियसची एकूण ताकद ११० अश्वशक्ती होती, २०२३ च्या प्रियसची १९४ आहे. असे असूनही तिच्या काचेवरच्या कागदावर एका गॅलनला ५७ मैल लिहिलेले असते.

त्या मैलांच्या आकड्याचीही एक हकिगत सांगितली पाहिजे. २००७ च्या प्रियसवर शहरात ६० आणि हमरस्त्यावर ५१ मैल असे छापलेले होते. २००८ च्या मॉडेलवर ते ४८ आणि ४५ झाले. गाडी तीच, कारखाना तोच. बदलली होती सरकारची मोजण्याची पद्धत. जुन्या चाचणीत गाडी हळू चालवत, एअर कंडिशनर बंद ठेवत. नव्या पद्धतीत प्रत्यक्ष वापराशी जवळीक आणली. ज्याने फक्त दोन वर्षांचे कागद शेजारी ठेवले त्याला वाटले असेल की नवे मॉडेल बिघडले. आपल्याकडेही इनोव्हा हायक्रॉसच्या हायब्रीड प्रकाराचा लिटरला २३.२४ किलोमीटर हा जाहीर आकडा ठरावीक चाचणीतला आहे. घाटात, भरलेल्या गाडीत, एसी लावून तो हाती येईल अशी अपेक्षा करू नये.

एकच बातमी दोन तऱ्हांनी कशी सांगता येते याचा उत्तम नमुना म्हणजे टोयोटाची कॅमरी. २०२५ च्या मॉडेलपासून कंपनीने अमेरिकेत साधी पेट्रोल कॅमरी बंद केली आणि फक्त हायब्रीड ठेवली. सर्वांत साधी २०२५ ची कॅमरी २८,४०० डॉलरला होती. २०२४ ची हायब्रीड कॅमरी २८,८५५ ला मिळत होती. म्हणजे हायब्रीड ४५५ डॉलरने स्वस्त झाली. पण २०२४ ला २६,४२० डॉलरची साधी पेट्रोल कॅमरीही मिळत होती, ती आता नाहीच. म्हणजे कॅमरी घ्यायची तर निदान १,९८० डॉलर जास्त मोजावे लागले. दोन्ही विधाने खरी आहेत. जाहिरातीत पहिले येते.

सरकारचा हात किमतीत किती असतो हेही हायब्रीडमध्ये स्पष्ट दिसते. २००६ साली अमेरिकेत प्रियस घेणाऱ्याला आयकरात ३,१५० डॉलरची सूट मिळे. पण कायद्यात अट होती की एखाद्या कंपनीच्या अशा ६०,००० गाड्या विकल्या गेल्या की सूट ओसरू लागेल. टोयोटाने तो आकडा त्याच वर्षी जूनपर्यंत गाठला. ऑक्टोबरपासून सूट निम्मी, पुढच्या एप्रिलपासून पाव, आणि १ ऑक्टोबर २००७ पासून शून्य. गाडी सप्टेंबरात घेणारा आणि ऑक्टोबरात घेणारा यांच्यात दीड हजार डॉलरचा फरक पडला. आणि तो कारखान्याने नव्हे, दिनदर्शिकेने पाडला.

आता आपल्या अंगणात येऊ. बेळगावकरांना मोटारीच्या या कथेत एक आपुलकीचा धागा आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली याच गावात सायकलींचे दुकान घातले होते. पुढे १९१० साली ते औंध संस्थानात कुंडलच्या माळावर गेले आणि किर्लोस्करवाडी उभी राहिली. त्याच घराण्याचे नाव लावलेली टोयोटा किर्लोस्कर मोटर ही कंपनी १९९७ साली, म्हणजे ज्या वर्षी जपानात पहिली प्रियस विकली गेली त्याच वर्षी स्थापन झाली. तिचा कारखाना बंगळूरजवळ बिडदीला आहे. तेथे २०१३ पासून कॅमरी हायब्रीड जुळवली जाऊ लागली. २०२२ साली अर्बन क्रूझर हायरायडर आणि इनोव्हा हायक्रॉस आल्या. मारुतीची ग्रँड विटाराही त्याच कारखान्यातून बाहेर पडू लागली. त्याच वर्षी मे महिन्यात होंडाने सिटी गाडीचा हायब्रीड प्रकार १९ लाख ४९ हजारांना आणला होता. हायक्रॉसच्या किमती २०२२ च्या डिसेंबरात जाहीर झाल्या तेव्हा पेट्रोलची सुरुवात १८ लाख ३० हजारांपासून आणि हायब्रीडची २४ लाख १ हजारापासून होती. सर्व शोरूम किमती, रस्ता कर व विमा सोडून.

भारतात मॉडेल इयरची अमेरिकेसारखी पद्धत नाही. येथे नोंदणी पुस्तकात उत्पादनाचा महिना आणि साल लिहिले जाते आणि बाजार सालाकडेच पाहतो. त्यामुळे आपल्याकडे दोन वार्षिक विधी ठरलेले आहेत. डिसेंबरात कंपन्या एकामागून एक जाहीर करतात की कच्चा माल महागल्यामुळे १ जानेवारीपासून किमती वाढतील. आणि त्याच डिसेंबरात विक्रेते उरलेल्या गाड्यांवर सवलत देतात, कारण पंधरा दिवसांनी त्या ‘मागच्या वर्षीच्या’ होणार असतात. एका हाताने घाई करायची, दुसऱ्या हाताने लालूच दाखवायची. माझे मामा खानापूरला टुरिस्ट गाडी चालवतात. नवी गाडी घ्यायचे त्यांच्या मनात आल्यापासून त्यांनी मला, घरात बी.कॉम. शिकणारा मी एकटाच म्हणून, दोन प्रश्न घातले आहेत. ‘अरे, डिसेंबरात घेऊ की जानेवारीत? आणि हायब्रीड घेऊ की साधी?’ मामींचे दागिने बँकेत ठेवून सुरुवातीची रक्कम उभी करायची आहे, तेव्हा उत्तर अंदाजाने देऊन चालणार नव्हते.

पहिल्या प्रश्नाचा हिशेब असा मांडला. गाडी वीस लाखांची धरू. डिसेंबरात चाळीस हजार सवलत मिळते आणि जानेवारीत दोन टक्के, म्हणजे चाळीस हजार, भाव वाढतो असे समजू. डिसेंबरात घेतल्याने ऐंशी हजारांचा फायदा. पण महिन्याभरात ती बाजाराच्या दृष्टीने एक वर्षाची जुनी होते. गाडीची किंमत दरवर्षी उरलेल्या किमतीच्या पंधरा टक्क्यांनी उतरते असे धरले (आयकराच्या घसाऱ्यात खासगी मोटारीला हाच दर आहे, भाड्याने चालवायच्या गाडीला तीस टक्के) तर तीन वर्षांनी विकताना या एका वर्षाच्या फरकाने सुमारे १ लाख ८४ हजार रुपये कमी येतात. दहा वर्षांनी विकली तर तोच फरक सुमारे ५९ हजारांवर येतो. बरोबरी साधारण आठव्या वर्षी होते. तेव्हा ज्याला तीन-चार वर्षांत गाडी बदलायची सवय आहे त्याने जानेवारीचीच घ्यावी, आणि जो गाडी मोडेपर्यंत वापरतो त्याने डिसेंबरची सवलत सोडू नये. मामांची आत्ताची गाडी बारा वर्षांची आहे. त्यामुळे हा प्रश्न लवकर सुटला.

दुसरा प्रश्न अवघड आहे. समजा, सारख्याच सोयींच्या साध्या आणि हायब्रीड गाडीच्या किमतीत अडीच लाखांचा फरक आहे. साधी गाडी लिटरला १५ किलोमीटर देते, हायब्रीड २४. आणि पेट्रोल सोयीसाठी शंभर रुपये लिटर धरू. शंभर किलोमीटरला साधीला जवळजवळ ६.६७ लिटर लागते, हायब्रीडला ४.१७. वाचले अडीच लिटर, म्हणजे अडीचशे रुपये. अडीच लाख भरून यायला एक लाख किलोमीटर धावावे लागेल. वर्षाला दहा हजार किलोमीटर फिरणाऱ्या घरगुती मालकाला त्यासाठी दहा वर्षे लागतात. विक्रेते बहुतेक येथेच थांबतात. पण ते अडीच लाख कर्जाने काढले असतील तर नऊ टक्क्यांनी पहिल्या वर्षाचे व्याजच साडेबावीस हजार होते, आणि त्या वर्षीची पेट्रोलची बचत पंचवीस हजार. हातात राहिले अडीच हजार. म्हणजे घरगुती गिऱ्हाइकाने हायब्रीड घ्यावी ती शांत चालते म्हणून, धूर कमी सोडते म्हणून, आवडते म्हणून. बचतीचे कारण सांगू नये.

मामांची गोष्ट निराळी. त्यांची गाडी वर्षाला पन्नास हजार किलोमीटर सहज धावते. बचत सव्वा लाख, व्याज तेच साडेबावीस हजार. पहिल्या वर्षी लाखावर रुपये सुटतात आणि अडीच लाख तिसऱ्या वर्षाच्या आत फिटतात. एकच गाडी, एकच किंमत. आमच्या कॉलेजातील एखाद्या सरांना ती महाग आणि मामांना स्वस्त. किंमत गाडीला नसते, गाडी धावण्याला असते, असे मी त्यांना म्हटले, तर ते म्हणाले, ‘हे सांगायला कॉलेज कशाला पाहिजे? चाळीस वर्षं तेच करतोय.’

हा अडीच लाखांचा फरक मात्र स्थिर नसतो. तो कमी-जास्त करण्यात कराचा वाटा मोठा आहे. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला तेव्हा हायब्रीड मोटारींवर २८ टक्के कर आणि १५ टक्के उपकर मिळून ४३ टक्के बसले. त्याआधी त्यांना अबकारी करात सवलत होती, ती गेली. निव्वळ विजेच्या गाड्यांचा कर २०१९ च्या ऑगस्टपासून ५ टक्क्यांवर आला. दोन्हीत मोटर, दोन्हीत बॅटरी, आणि करात अडतीस टक्क्यांचे अंतर! तरीही मध्यम पेट्रोल गाडीवर ४५ आणि मोठ्या एसयूव्हीवर ५० टक्के असल्याने हायब्रीडला दोन ते सात टक्क्यांची पुढची जागा होती. २२ सप्टेंबर २०२५ पासून उपकर गेला; लहान गाड्यांना १८ आणि बाकी सर्व मोठ्या गाड्यांना सरसकट ४० टक्के झाले. वर्तमानपत्रांत ‘हायब्रीड स्वस्त’ असे मथळे आले, ते खोटे नव्हते. पण ४३ चे ४० होणाऱ्या गाडीचा कर तीन टक्क्यांनी खाली आला आणि ५० चे ४० होणाऱ्या गाडीचा दहा टक्क्यांनी. म्हणजे हायब्रीड स्वस्त झाली, आणि तिच्याशी स्पर्धा करणारी अवजड गाडी तिच्याहून अधिक स्वस्त झाली. पेट्रोल वाचवणाऱ्या गाडीला करात जे थोडे झुकते माप होते ते संपले. हे मला पटत नाही, एवढे येथे नोंदवून ठेवतो.

रस्ता कर हा आणखी एक थर. तो राज्यागणिक वेगळा. केए-२२, एमएच-०९ आणि जीए-०३ या पाट्या एकाच पेट्रोल पंपावर उभ्या असतात आणि तिघांनी एकाच गाडीला वेगवेगळी रक्कम भरलेली असते, हे आपल्याला नवीन नाही. उत्तर प्रदेश सरकारने २०२४ च्या जुलैत स्ट्राँग हायब्रीड गाड्यांचा नोंदणीवेळचा कर माफ केला. तेवढ्याने तेथील गिऱ्हाइकाला लाखोंचा फरक पडला. गाडीचे मॉडेल त्या दिवशी जुनेच होते.

राहता राहिली बॅटरी. टोयोटा तिला भारतात आठ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर यांपैकी जे आधी होईल तोवरची हमी देते. मामांच्या धावेने हे किलोमीटर चौथे वर्ष सुरू झाल्यावर लगेच संपतात. आठ वर्षांचा त्यांना काही उपयोग नाही. त्यानंतर बॅटरी चांगली चालेलही, प्रियसच्या पुष्कळ टॅक्सी परदेशांत त्याहून लांब धावल्या आहेत. पण सेकंडहँड बाजारातला एजंट हमी संपलेल्या गाडीकडे कसा पाहतो, त्यावर तिचा भाव ठरणार. खासगी मालकांच्या पहिल्या हायक्रॉस गाड्यांची आठ वर्षे २०३१ च्या सुरुवातीला भरतील. वर मी जो पंधरा टक्क्यांचा घसारा धरला, तो हायब्रीडच्या बाबतीत बरोबर होता की नाही, हे बेळगावच्या बाजारात तेव्हा समजेल. मामांना तोवर थांबायला वेळ नाही. दिवाळीचा हंगाम गोव्याला जाणाऱ्यांचा असतो आणि आत्ताच्या गाडीचा क्लच सुटत चालला आहे.